येळवस महिन्यावर आली, यंदा शेतात कोणाला बोलवायचं?

थोरली_सून
२७ नोव्हेंबर २०२४, रात्री १०.४०

नमस्कार. आजवर नुसती वाचत होते, लिहायची ही पहिलीच वेळ. लांबलं तर सांभाळून घ्या. दिवसभर शिलाई मशीनवर एकटी बसते, त्यामुळे लिहायला घेतलं की आवरत नाही.

आम्ही रेणापूर तालुक्यातले. घरची साडेचार एकर. सोयाबीन निघालं, तूर उभी आहे, दीड एकरात हरभरा टाकलाय. मी गावातच ब्लाउज, ड्रेस शिवते. दोन दीर आहेत. मधले भाऊजी लातूरला एका दुकानात हिशेब बघतात, धाकटे पुण्याकडे कंपनीत. वर्षात तिन्ही घरं एकत्र येतात ती दोनदा, दिवाळीला आणि येळवसला. दिवाळी कशीबशी उरकली. येळवस ३० डिसेंबरला आहे, सोमवारी. झोप उडालीय ती तिच्यामुळे.

आमच्या भागाबाहेरच्यांसाठी सांगते. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आम्ही येळवस म्हणतो, कागदोपत्री वेळ अमावस्या. लातूर-धाराशिवकडे त्या दिवशी गावं ओस पडतात. लातुरात तर संचारबंदी लागल्यासारखं होतं, चहाची टपरीसुद्धा सापडत नाही. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत पाच दगडांचे पांडव चुना-काव लावून मांडायचे, त्यांची पूजा करायची आणि मग जेवण. अंबील, भज्जी (शेंगा-पालेभाज्यांची एकत्र भाजी), बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. ज्यांना शेत नाही ते दुसऱ्याच्या शेतात जेवतात, मग तो कोणत्या जातीधर्माचा का असेना. (यंदा इंग्रजी वर्षात दोन येळवस आल्या. एक ११ जानेवारीला होऊन गेली, तेव्हा सगळे हसतखेळत जेवले होते. आता ही दुसरी.)

तर झालं असं. भाऊबीजेला सगळे गावी होते. प्रचाराच्या गाड्या दिवसभर कर्कश वाजत होत्या. हे एका बाजूचे, मधले भाऊजी दुसऱ्या बाजूचे, हे गेली दहा वर्षं आहेच. दोघं जेवताना भांडायचे आणि हात धुताना विसरायचे. यंदा विसरले नाहीत. सोयाबीन चार हजार-एकेचाळीसशेला गेलं, हमीभाव ४८९२ असून, त्यावरून भाऊजी सुरू झाले. हे म्हणाले, केंद्रावर घेतात की. भाऊजी म्हणाले, घेतात का? ओलावा बारा टक्क्यांच्या वर म्हणून तुमचाच माल परत आला ना? (खरं होतं. एक दिवस ट्रॅक्टरचं भाडं देऊन गेलो आणि भरलेली पोती घेऊन परत आलो. पुढे पंधरा टक्क्यांपर्यंत चालेल असं आलं, तोवर आम्ही अडतीला घालून मोकळे झालो होतो.) बोलता बोलता यांच्याकडचं उत्तर संपलं आणि भाऊजी माझ्याकडे वळले. म्हणाले, "वहिनींचं काय, वहिनी पंधराशेत गार झाल्या."

मी पुऱ्या तळत होते. झारा हातात होता तसाच राहिला आणि त्या घाण्याच्या पुऱ्या काळ्या झाल्या. तेलाच्या पिशवीमागे वीस-पंचवीस रुपये वाढलेत दोन महिन्यांत, पण ते जाऊ द्या.

सरकारच्या लाडकी बहीण योजनेचे महिना पंधराशेप्रमाणे मला पाच हप्ते आले, साडेसात हजार. त्यातून मी माझ्या पायाच्या मशीनला मोटर बसवून घेतली. अठरा वर्षं पायाने मशीन हाणतेय, गुडघे गेलेत. आत्याबाईंचं, म्हणजे सासूबाईंचं, मोतीबिंदूचं दोनदा दाखवून आणलं. उरलेल्यातून मुलीचा स्वेटर. भाऊजींना वाटतं मी मत विकलं. ह्यांना वाटतं मी त्यांच्या शब्दावर बटण दाबलं. २० तारखेला मी कोणाला मत दिलं ते मी आणि मशीन जाणे. मतदानाचं मशीन, शिलाईचं नव्हे.

२३ ला निकाल लागला. लातूर ग्रामीणला धीरज देशमुख पडले. दुपारी ह्यांनी घरच्या ग्रुपवर गुलाल माखलेला फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "आता बोला." पाच मिनिटांत भाऊजी ग्रुपमधून गेले. मग जाऊबाई गेल्या. त्या कोणाला काही बोलल्या नव्हत्या, पण नवऱ्यामागे जावं लागलं असेल. धाकटे ग्रुपवर आहेत, पण मुके.

हे झालं घरातलं. बांधावरचं वेगळंच. आमच्या बांधाला लागून आबा-काकूंचं शेत आहे. जात लिहीत नाही, आमच्याकडचे ओळखतील. माझं लग्न झाल्यापासून येळवसला दोन्ही घरची कोप एकच. त्यांच्या पातेल्यात भज्जी, माझ्या मडक्यात अंबील. ७ मेला लोकसभेचं मतदान झालं, त्याच्या आधीपासून आरक्षणावरून गावात जे सुरू झालं त्यात हे आणि आबा चावडीवर सगळ्यांदेखत एकमेकांना नको ते बोलले. तेव्हापासून बोलणं बंद. काकू विहिरीवर भेटतात तेव्हा आम्ही दोघी बोलतो, पण आधी इकडे-तिकडे बघून.

हे म्हणतात यंदा कोप आपली आपण घालू, कोणाला सांगायला जायचं नाही. आत्याबाई म्हणतात, मी ऐंशीच्या घरातली, माझ्या अजून किती येळवशी राहिल्या ते मोजा आणि मग ठरवा.

मला एवढंच विचारायचंय. तुमच्याकडे या दोन निवडणुकांत असं झालं का? आणि झालं असेल तर पहिलं पाऊल कोणी टाकलं? मी भाऊजींना फोन करावा का? आबांच्या घरी मी एकटी गेले तर ह्यांचा अपमान होईल का?

सकाळी उठलं की आता पाण्याला हात लावावा वाटत नाही इतकी थंडी पडलीय. तुरीवर दव असतं. अशा दिवसांत येळवसची आठवण येतेच, त्यात हे.

कोपकर
२८ नोव्हेंबर २०२४, सकाळी ७.१५

वहिनी, मी निलंग्याचा. तुमचा प्रश्नच मुळात चुकलाय असं म्हणतो, राग मानू नका. येळवसला कोणाला बोलावतात का कधी? आमचे आजोबा म्हणायचे, बोलावून येतो तो पाव्हणा, न बोलावता येतो तो येळवसचा. कोप घातली की रस्त्यानं जाणारा माणूससुद्धा हाक मारून बसवायचा असतो. मग आबांना आमंत्रण द्यावं की नाही हा विषय आला कुठून? कोप दर वर्षी जिथं घालता तिथंच घाला, बांधाजवळ. दूर सरकवू नका. सगळं त्यातच आलं.

ग्रुपवर मात्र काही लिहू नका. "सर्वांनी यावे ही विनंती" असलं काही टाकलं की तो लग्नपत्रिकेतला मजकूर होतो आणि कोण आलं, कोण नाही, याची हजेरी लागते.

आमच्याकडे मे महिन्यात भाऊबंदकीत असंच झालं होतं. चुलतभावाच्या पोराला दवाखान्यात न्यायची वेळ आली आणि गाडी होती फक्त माझ्याकडे. त्या रात्री कोणाला पक्ष आठवला नाही. पण अशी वेळ कोणावर येऊ नये म्हणून सांगतो, त्याआधीच येळवस गाठा.

मुळशीतला_मराठवाडी
२८ नोव्हेंबर २०२४, दुपारी १.०५

ताई, तुमच्या मधल्या भाऊजींच्या जागी मी आहे. म्हणजे मीच तो नाही, पण मीही घरचा ग्रुप सोडलाय. पिरंगुटला कंपनीत आहे, गाव औसा तालुक्यात. म्हणून दुसरी बाजू सांगतो.

ग्रुप सोडताना मला वाटलं होतं, कोणीतरी विचारेल, का रे सोडलास. पाच दिवस झाले, कोणी विचारलं नाही. आता मीच परत येऊ कसा? परत यायचं बटण नसतं, कोणीतरी घ्यावं लागतं. तुमचे भाऊजी पण असेच बसले असतील फोन उलटा टाकून.

पंधराशेबद्दल. मीही बोललो होतो, आईला. "रेवडी" असा शब्द वापरला होता. आई काही बोलली नाही. नंतर बहिणीकडून कळलं की आईनं त्या पैशांतून माझ्याच पोरीला चांदीच्या पट्ट्या केल्या. मी इथं कंपनीत कॅन्टीनचं जेवण सवलतीत जेवतो, बोनस घेतो, त्याला कोणी रेवडी म्हणत नाही. आईनं आयुष्यभर रानात काम केलं, तिला पहिल्यांदा तिच्या नावावर पैसा आला, तर त्याला मी नाव ठेवलं. सरकारला पैसे झेपतील का, निवडणुकीच्या तोंडावरच का दिले, हे प्रश्न माझे अजूनही आहेत. पण ते आईला विचारायचे नव्हते.

फोन करा ताई. पण माफीचा विषय काढू नका, पुरुषाला ते जमत नाही. नुसतं काम सांगा. "भाऊजी, लातूरहून येताना मडकं घेऊन या, आमचं तडकलंय." बघा येतात का.

इथं पुण्यात पारा दहाच्या खाली जातोय म्हणे. पहाटेच्या पाळीला दुचाकीवर बोटं बधिर होतात. गावची शेकोटी आठवते.

बॅलट_पाहिजे
२८ नोव्हेंबर २०२४, रात्री ९.३०

सगळे गोडगोड सांगताय म्हणून वेगळं लिहितो. घरात राजकारण काढू नका हा सल्ला कायम हरलेल्यालाच दिला जातो. गुलालाचा फोटो "आता बोला" म्हणून टाकला तुमच्या मिस्टरांनी, आणि समजूत कोणाची काढायची? भाऊजींची. लोकसभेला ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला देणारा महाराष्ट्र सहा महिन्यांत २८८ पैकी ४६ वर आणतो, हे ज्याच्या गळी उतरत नाही त्याला प्रश्न विचारायचा हक्क आहे. सोयाबीनला एकानं सहा हजार सांगितले, दुसऱ्यानं सात हजार सांगितले, मिळाले चार. यावर घरात नाही बोलायचं तर कुठं बोलायचं? कोप घालून अंबील पिऊन भाव वाढणार आहे का?

थोरली_सून
२८ नोव्हेंबर २०२४, रात्री १०.२०

दादा, भाव वाढणार नाही हे मला माहीत आहे, पोती मीच शिवलीत. घरात बोलू नका असं मी कुठं म्हणाले? दहा वर्षं भांडलेच की दोघं. फोटोबद्दल तुम्ही म्हणता ते मात्र बरोबर. ते मी ह्यांना त्याच दिवशी बोलले, तेव्हा ताट सरकवून उठले. पण तुम्ही जे लिहिलंय त्यात मी कुठं आहे? दोन भावांच्या वादात टोमणा मला बसला, त्याचा जाब कोणी कोणाला विचारायचा?

कोपकर दादा, कोप बांधाजवळच घालायची हे पटलं. मुळशीवाले भाऊ, मडकं खरंच तडकलंय, तुम्हाला कसं कळलं?

एडिसनची_सुनंदा
२९ नोव्हेंबर २०२४, सकाळी ६.५०

मी अहमदपूरची, पंधरा वर्षं न्यू जर्सीत. इथं आज थँक्सगिव्हिंग झाला. म्हणजे इकडची येळवसच समजा, फक्त शेत नाही आणि टर्कीसमोर आम्ही पनीर ठेवतो. ५ नोव्हेंबरला ट्रम्प निवडून आले आणि आमच्या मराठी मैत्रिणींच्या गटात दोघींनी एकमेकींकडे जाणं सोडलं. इथल्या वर्तमानपत्रांत या सणाच्या आधी "जेवणाच्या टेबलावर राजकारण कसं टाळावं" असे लेख दर वर्षी येतात, म्हणजे हा रोग जुना आहे.

आम्ही आज एक केलं. जेवायला बसवण्याऐवजी सगळ्यांना कामाला लावलं. एकाला कांदा, एकाला लसूण सोलायला, दोघांना पोळ्यांना. काम करताना माणूस समोर बघत नाही, हाताकडे बघतो, त्यामुळे बोलणं सोपं जातं. तुमच्याकडे तर कोप बांधायची आहे! भाऊ-भाऊ कडबा उचलू देत.

इथं मी ज्वारीचं पीठ आणि दही घेऊन अंबील करते, पण थंडीमुळे आंबतच नाही. ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवावी लागते. तुम्ही मडक्यात किती दिवस ठेवता? नीट सांगा ना.

थोरली_सून
२९ नोव्हेंबर २०२४, दुपारी ३.३०

सुनंदाताई, अमावस्येच्या दोन रात्री आधी पीठ ताकात कालवून ठेवायचं. थंडी जास्त असली तर चुलीजवळ, मडक्याला गोधडी गुंडाळून. ताक आंबट हवं, दुकानातल्या दह्याचं तेवढं आंबत नाही. शिजवून गार झाली की वरून ताक, मीठ, जिरं आणि लसूण ठेचून. लसणात कंजुषी केली की अंबील पांचट लागते. पण यंदा लसूण चारशे रुपये किलो! मी तर पाकळ्या मोजून घेणार आहे.

थोरली_सून
७ डिसेंबर २०२४, रात्री ११.००

मधल्या काळात काय झालं ते कळवते, कारण दोघा-तिघांनी निरोप पाठवून विचारलं.

फोन केला. मडक्याचाच. भाऊजींनी आधी उचलला नाही, मग त्यांचाच आला. "किती मोठं पाहिजे?" एवढंच. मी सांगितलं, नेहमीएवढं. मग दोन मिनिटं त्यांनी कुंभारवाड्याचे भाव सांगितले. येतो म्हणाले नाहीत, येत नाही म्हणाले नाहीत.

५ तारखेला आझाद मैदानावर शपथविधी होता. ह्यांनी टीव्ही मोठ्याने लावला होता. निकालानंतर अकरा दिवस मुख्यमंत्री कोण ते ठरेना, एकनाथ शिंदे त्यांच्या दरे गावी जाऊन बसले, तेव्हा मी ह्यांना म्हणाले, बघा, इतक्या जागा येऊन त्यांचंही घरचं जमेना. हसले. महिन्याभरात पहिल्यांदा.

तिकडे तमिळनाडूकडच्या फेंगल वादळानं आमची थंडी पळवली. चार दिवस आभाळ, दमट हवा, रात्री पंखा. हरभरा फुलावर यायच्या आत घाटेअळीची भीती, तुरीच्या शेंगांतही अळी दिसली. फवारणीचा पंप आमचा बिघडलेला. आबांकडे बॅटरीचा आहे. दर वर्षी आम्ही त्यांचाच आणतो. यंदा हे सकाळी उठून दुसऱ्या गावाहून दिवसाला दोनशे रुपये देऊन भाड्यानं आणायला निघाले. मी म्हणाले, दोनशे रुपये म्हणजे माझे तीन ब्लाउज. गेले तरी. पण संध्याकाळी परत आले तेव्हा पंपाचा पट्टा ओळखीचा दिसला, काकूंच्या जुन्या लुगड्याचा काठ लावलेला. मी काही विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

कोपकर
८ डिसेंबर २०२४, सकाळी ६.४०

वहिनी, पंप परत करताना नुसता करू नका. टाकी धुऊन द्या. आमच्याकडे दोन घरं निव्वळ न धुतलेल्या टाकीवरून तुटलीत.

बॅलट_पाहिजे
८ डिसेंबर २०२४, दुपारी १२.१०

मागच्या प्रतिसादात मी तुमचा मुद्दा सोडून माझाच मांडला, ते वाचल्यावर लक्षात आलं. मी माळशिरस तालुक्यातला. ३ तारखेला आमच्याकडच्या मारकडवाडीत लोकांनी मशीनऐवजी बॅलटवर, म्हणजे कागदी मतपत्रिकेवर, स्वतःचं मतदान घ्यायचं ठरवलं होतं, पोलिसांनी होऊ दिलं नाही. निकालापासूनच डोकं तापलेलं होतं. माझं मत बदललेलं नाही. पण टोमण्याचा जाब भाऊजींनाच विचारा. तुम्हीच विचारा, मिस्टरांमार्फत नको.

मुळशीतला_मराठवाडी
१९ डिसेंबर २०२४, रात्री ८.४५

मला बहिणीनं परत ग्रुपवर घेतलं. आईनं सांगितलं म्हणे. आत गेल्यावर पहिला मेसेज काकांचा होता: "आला का गुलाम." बस. ३० ची सुट्टी टाकलीय. पुणे-लातूर गाड्या आत्ताच फुल्ल आहेत, ज्यांना यायचंय त्यांनी बघून घ्या.

थोरली_सून
३१ डिसेंबर २०२४, रात्री ९.१५

काल झाली येळवस. अंग मोडलंय, पण आज लिहिलं नाही तर राहील.

मधल्या दिवसांत भीतीच जास्त वाटत होती. ९ तारखेला बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला. केज आमच्यापासून काही लांब नाही. गावात माणसं पुन्हा गटागटाने उभी राहायला लागली. २८ ला बीडला मोठा मोर्चा निघाला, आमच्या गावातूनही दोन जीप गेल्या. ज्या माणसाचा जीव गेला त्याच्या घरच्यांचं काय होत असेल, हे डोक्यातून जात नव्हतं. आणि इथं बांधावर त्याचा राग आबांवर निघेल की काय, ही धास्ती. आबांचा त्यात काय संबंध? पण आडनावावरून हिशेब चालू आहेत सध्या.

रविवारी संध्याकाळी हे कडबा घेऊन शेतात गेले. मी मुद्दाम मागून गेले, बघायला. कोप बांधाजवळच घातली होती. पेंढ्या आवळायला दुसरा माणूस लागतो, एकट्यानं होत नाही. पलीकडे आबा तुरीत उगीच वाकून काहीतरी बघत होते. ह्यांनी वर न बघता सुंभाचं टोक पलीकडे फेकलं. आबांनी धरलं. अर्धा तास दोघांनी कोप आवळली, आणि सगळ्या अर्ध्या तासात एकूण बोलणं झालं ते "अजून ओढ", "बास", "तिकडून ढिली आहे" एवढंच. सुनंदाताई, तुमचं खरं ठरलं.

काल सकाळी सात वाजता डोक्यावर अंबिलीचं मडकं घेऊन निघालो. मडकं नवीन होतं, भाऊजींनी पाठवलेलं. ते स्वतः आले नाहीत. जाऊबाई दोन्ही पोरांना घेऊन पहाटेच्या एसटीनं आल्या, अर्ध्या तिकिटात. दुकानात वर्षाअखेरीचा हिशेब आहे म्हणून भाऊजींचा निरोप होता. येळवसला लातुरात कोणतं दुकान उघडं असतं? पण मी मान हलवली.

धाकटे सगळ्यांना घेऊन आले होते. मोटारीतून उतरल्या उतरल्या त्यांच्या मुलीनं विचारलं, इथं नेटवर्क नाही का. थोड्या वेळानं तीच आत्याबाईंच्या मागून शेतभर "ओलगे ओलगे सालम पोलगे" ओरडत चर, म्हणजे पिकावर अंबील, शिंपत फिरत होती. त्याचा अर्थ मलाही येत नाही. कानडीतून आलंय म्हणतात.

काकू भज्जीचं पातेलं घेऊन बांध ओलांडून आल्या. तूर, वाल, मटार, चुका, पातीचा कांदा, सगळं घातलेलं. लसूण भरपूर होता. मी विचारलं, एवढा कुठून? म्हणाल्या, माहेरहून मागवला, येळवसला लसूण मोजायचा असतो का. मी मोजलेला होता, गप्प बसले. ह्यांनी दोनदा भज्जी घेतली. आबा उंडा मोडून खात म्हणाले, "यंदा तुरीला भाव राहील का?" हे म्हणाले, "सोयाबीनसारखा केला तर रस्त्यावर बसू." दोघं एका बाजूचे झाले बघा, निदान तुरीपुरते. मोर्चाचा विषय कोणी काढला नाही. काढायला हवा होता का, मला कळत नाही. पांडवांसमोर काकूंनी डोळे मिटून बराच वेळ हात जोडले होते, त्या काय मागत होत्या तेही विचारलं नाही.

आता खरी गंमत. जेवणं झाल्यावर पुरुष माणसं बोरीखाली आडवी झाली. मी आणि जाऊबाई विहिरीवर भांडी घासत होतो. मी ठरवलंच होतं, विषय काढायचा. म्हणाले, भाऊजी मला पंधराशेत गार झाल्या म्हणाले, ते लागलं मला. जाऊबाईंनी हातातली राख तशीच ठेवली, इकडे-तिकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "ताई, माझाही फॉर्म भरलाय मी. ऑगस्टातच. पैसे येतात. ह्यांना माहीत नाही."

आम्ही दोघी इतक्या हसलो की आत्याबाई काठी टेकत विहिरीपर्यंत आल्या काय झालं बघायला. (हे इथं लिहिलंय म्हणून काळजी नको. भाऊजी व्हॉट्सअ‍ॅप सोडून काही वाचत नाहीत.) मी विचारलं, काय करता त्या पैशांचं? म्हणाल्या, पोराच्या शिकवणीत घालते, आणि ह्यांना सांगते सरांनी फी कमी केली. आता ते सर किती चांगले म्हणून घरात त्यांचं कौतुक चाललेलं असतं.

रात्री भाऊजींचा फोन आला. मडकं गळलं का, विचारत होते. म्हटलं, नाही गळलं. म्हणाले, "बघून घेतलं होतं." मग थोडं थांबून, "पुऱ्या जळाल्या होत्या ना त्या दिवशी." मी म्हटलं, हो, जळाल्या होत्या, आणि का जळाल्या ते तुम्हाला माहीत आहे. ते हं म्हणाले. त्यापुढे दोघांनाही काही सुचलं नाही, मग आत्याबाईंना फोन दिला.

एडिसनची_सुनंदा
३१ डिसेंबर २०२४, रात्री ११.५०

सकाळच्या चहाबरोबर वाचलं, चहा गार झाला. जाऊबाईंना माझा नमस्कार. माझी अंबील या वेळी आंबली! गोधडी नव्हती म्हणून नवऱ्याचं जॅकेट गुंडाळलं.

कोपकर
१ जानेवारी २०२५, सकाळी ७.००

पंपाची टाकी धुतली होती का?

थोरली_सून
१ जानेवारी २०२५, दुपारी २.१०

धुतली होती हो, तीनदा. आता काकूंचं भज्जीचं पातेलं राहिलंय माझ्याकडे, घाईत विसरून गेल्या. रिकामं कसं देऊ? तुरी काढल्या की डाळ भरडून त्यात घालून देईन.